आमच्याकडचा पहिला दिवा

दिवाळीत घरोघर दिवे लागतात, ह्यात नवल ते काय? पण गेल्या वर्षी आमच्याकडे दिवाळीच्या चांगला तीन-साडेतीन आठवडे आधीच एक दिवा लागला. तो अंगणात लागला नाही, तुळशीपुढे लागला नाही, की कोनाड्यातही लागला नाही. तो लागला आमच्या मोटारीत, माझ्या नाकासमोर, वेग दाखवणाऱ्या काट्याच्या शेजारी. रंग पिवळा, आकार इंजिनाच्या चित्राचा. आणि एकदा लागला तो काही केल्या विझेना!

एरवी ह्या सदरात मी जेमतेम दीड पान लिहितो आणि संपादक त्यातले पाव पान कापतात. दिवाळी अंकात मात्र त्यांनी उदारपणे ऐसपैस जागा दिली आहे. तेव्हा ह्या दिव्याची हकीकत अगदी पहिल्यापासून सांगतो. कारण तो दिवा विझवायचे चार मार्ग मला चौघांनी सांगितले. त्यांतला सर्वांत स्वस्त मार्ग मी पत्करला असता, तर आज हा लेख लिहायला माझा हात धजला नसता.

नवरात्रातली विनायकी चतुर्थी होती. आम्ही उभयता पद्मालयाला गेलो होतो. एरंडोलहून पद्मालय तसे जवळच. जंगलातला रस्ता, कमळांचे तळे, आणि एकाच गाभाऱ्यात दोन गणपती. आमच्या सौभाग्यवतींची दोघांवर सारखीच भक्ती असल्याने दर्शनाला वेळ दुप्पट लागतो. परतताना गाडी सुरू केली, आणि हा पिवळा दिवा दिसला.

“काय हो, काय झालं?” सौ.ने विचारले.

“काही नाही, एक दिवा लागलाय.”

“कुठाय? मला नाही दिसत.”

तिला दिसणे शक्यच नव्हते. तिच्या एका डोळ्याचा मोतीबिंदू काढून झाला होता आणि दुसऱ्याचा दिवाळीनंतर काढायचे ठरले होते. त्यासाठी तीस हजार रुपये कपाटात वेगळे काढून ठेवलेले होते. ही रक्कम वाचकांनी ध्यानात ठेवावी. पुढे तिचा संबंध येणार आहे.

दुसरीही एक गोष्ट इथेच सांगून टाकतो. ही गाडी मी विकायला काढली होती. मी निवृत्त मास्तर. चिरंजीव पुण्याला. रात्री समोरून येणाऱ्या गाड्यांच्या झगझगाटात हायवेवर गाडी हाकणे आता झेपत नाही. आमच्याच शाळेतल्या एका तरुण कारकुनाला गाडी हवी होती. त्याच्या आईला आठवड्यातून दोनदा डायलिसिससाठी जळगावला न्यावे लागते. एस.टी.तून चढउतार करताना त्या माउलीचे हाल होतात. तीन लाख साठ हजारांना सौदा ठरला. अकरा हजार इसार त्याने माझ्या हातावर ठेवला आणि धनत्रयोदशीला गाडी न्यायचे नक्की झाले. आणि सगळे असे जमून आलेले असताना हा दिवा!

आमच्या लहानपणी मोटारीला असले चोचले नव्हते. गावातल्या एका डॉक्टरांकडे फियाट होती. ती बिघडली की मिस्त्री बॉनेट उघडत, लांब स्क्रूड्रायव्हरचे एक टोक इंजिनाला टेकवत, दुसरे कानाला लावत आणि डोळे मिटून ऐकत. एखादा वैद्य नाडी पाहतो, तसेच ते दृश्य असे. मग कार्बोरेटरचा एक स्क्रू अर्धा फेरा इकडे, पाव फेरा तिकडे. इंजिनाचा खोकला थांबे. त्या स्क्रूचे काम एवढेच, की हवेत पेट्रोल किती मिसळायचे ते ठरवायचे. आपल्या बायका चुलीपुढे बसून हेच करीत नसत का? ज्योत पिवळी आणि धुरकट झाली की लाकूड थोडे मागे ओढायचे, फुंकणीने वारा घालायचा. पेट्रोलचेही तसेच आहे. एक किलो पेट्रोल नीट जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते. हवा कमी पडली तर धूर आणि पेट्रोलचा नास. जास्त झाली तर इंजिन तापते, धापा टाकते.

पुढे धुराचा त्रास साऱ्या जगाला जाणवू लागला. सायलेन्सरच्या नळीत धूर शुद्ध करणारे एक जाळीदार भांडे बसवण्याची पद्धत आली. त्याला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर म्हणतात. आपल्याकडे १९९५ च्या एप्रिलपासून चार महानगरांतल्या नव्या पेट्रोल मोटारींना ते सक्तीचे झाले. पण हे भांडे मोठे लहरी. हवा आणि पेट्रोल यांचे प्रमाण अगदी काट्याच्या तोलाने राहिले, तरच ते नीट काम करते. मिस्त्रीचा कान कितीही तीक्ष्ण असला, तरी तो धावत्या गाडीबरोबर धावणार कसा? म्हणून धुराचा वास घेणारे एक नाक नळीतच बसवले. तोच ऑक्सिजन सेन्सर. जर्मनीच्या बॉश कंपनीने तो बनवला आणि १९७६ साली स्वीडनच्या व्होल्व्हो मोटारीत तो प्रथम बसला. अंगठ्याएवढी वस्तू, आत एक विशिष्ट चिनी माती. धुरात प्राणवायू किती उरला आहे ते हुंगून ती एका व्होल्टाहूनही कमी दाबाचा इशारा गाडीच्या कॉम्प्युटरला देत राहते आणि कॉम्प्युटर त्याबरहुकूम पेट्रोल कमीजास्त करतो.

हे सारे ज्ञान मला तेव्हा नव्हते, हे कबूल करतो. तेव्हा मला एवढेच कळत होते, की दिवा लागला आहे, आणि गाडी लिटरला सतरा किलोमीटर देत होती ती तेरावर आली आहे.

पहिला सल्ला अर्थातच चिरंजीवांचा. फोनवरून.

“बाबा, इकडेतिकडे दाखवू नका. सरळ कंपनीच्या वर्कशॉपला न्या.”

नेली. जळगाव आमच्याहून तीसेक किलोमीटर. पाळधी ओलांडली, गिरणेचा पूल मागे टाकला आणि कंपनीच्या अधिकृत वर्कशॉपात जाऊन उभा राहिलो. थंडगार हवा, काचेची दालने, फुकट कॉफी. अशा जागी कॉफी फुकट मिळाली की मला धडकी भरते. समोर आलेला गणवेशातला तरुण माझा जुना विद्यार्थी निघाला! त्याने वाकून नमस्कार केला. एका मुलाने गाडीला स्कॅनर जोडला. अर्ध्या तासाने छापील इस्टिमेट हाती आले. पुढचा सेन्सर ९,४८० रुपये. मागचा सेन्सर ८,९६०. वायरिंगचा संच ५,७००. इंजिनाची आतून सफाई २,४००. मजुरी २,१००. एकूण २८,६४०.

वाचकांना कपाटातले तीस हजार आठवले असतील. मलाही तेच आठवले.

“अरे, पण दिवा एक आणि सेन्सर दोन का?” मी विचारले.

“सर, जोडीने बदललेले बरे,” तो म्हणाला. मग इकडेतिकडे पाहून हळू आवाजात म्हणाला, “आम्हाला लिहावंच लागतं, सर. एकच बदलला आणि दिवा परत लागला, तर गिऱ्हाईक येऊन आमच्या नावाने शंख करतं. तासभर मीटर लावून नेमकं काय गेलंय ते शोधलं आणि त्या शोधण्याचे पैसे मागितले, तरी गिऱ्हाईक भांडतं. पार्ट बदलल्याचे मात्र मुकाट्याने देतं.”

ह्या पोराला मी पाचवीत अंकगणितात पैकीच्या पैकी मार्क दिले होते. ते वाया गेले नाहीत, असे मला वाटले. पण गाडी तिथे ठेवण्याचा धीर झाला नाही. “विचार करून सांगतो,” म्हणून मी तसाच परतलो.

दुसरा सल्ला शेजारच्या निवृत्त साहेबांचा. ते म्हणाले, “सोडून द्या हो! गाडी चालते ना? मग दिव्याकडे बघायचंच नाही. धनत्रयोदशीपर्यंत किती चालवणार आहात तुम्ही?”

तिसरा सल्ला गावातल्या आमच्या मिस्त्रीचा. माणूस हाताचा कुशल. आमची खान्देशी माणसे मोकळ्या मनाची. मी गाडी उभी करतो न करतो तोच तो ओरडला, “काय सर, गाडीले काय व्हयनं?” त्याच्याकडेही हातात मावणारा एक स्कॅनर होता. त्याने तो स्टिअरिंगखालच्या खाचेत खोचला आणि पडद्यावर आलेला कोड मला दाखवला. पी ०१३५. म्हणजे पुढच्या सेन्सरच्या हीटरची लाइन. सेन्सरच्या पोटात एक हीटर असतो. ती चिनी माती सुमारे तीनशे अंशांपर्यंत तापल्याशिवाय तिला वासच येत नाही, म्हणून गाडी सुरू होताच तिला झटपट तापवायची ही सोय.

“मग करायचं काय?” मी विचारले.

“अठ्ठावीस हजार घालवू नका सर. आठशे रुपये द्या. हीटरच्या जागी एक बारकं रेझिस्टर जोडून देतो. कॉम्प्युटरला वाटतं हीटर जागेवर आहे. दिवा बंद. गाडी तर तुम्ही विकूनच राहिले ना?”

मी लिहितो ते खरेच लिहायचे ठरवले आहे, म्हणून सांगतो. त्या क्षणी मला तो माणूस देवासारखा वाटला. आठशे रुपये! सौ.चा डोळा वाचला, सौदा वाचला आणि माझी झोपही वाचली. मी मनातल्या मनात समर्थनेही जुळवू लागलो. मी काही कोणाची गाडी बंद पाडत नव्हतो. ब्रेकला हात लावत नव्हतो. थोडे पेट्रोल जास्त जाईल, एवढेच. शिवाय जुनी गाडी घेणाऱ्याने ती पारखून घ्यावी, हा तर जगाचा व्यवहार. आणि हे मी स्वतःसाठी थोडेच करीत होतो? बायकोच्या डोळ्यासाठी करीत होतो! माणसाला लबाडी करायची असली, की तो ती नेहमी दुसऱ्या कोणासाठी तरी करतो. चाळीस वर्षे मुलांना नीतिपाठ शिकवून मला हे कळले नव्हते. ते आठशे रुपयांनी कळवले.

“उद्या येतो,” असे मिस्त्रीला सांगून मी घरी आलो.

रात्री जेवताना सौ.ला अठ्ठावीस हजारांचे तेवढे सांगितले. कळण्याची भाकरी आणि वांग्याचे भरीत पुढे होते, पण घास उतरत नव्हता. ती जरा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, “कपाटातले घ्या. डोळा काय, पळून जातोय? एकाने दिसतंय की मला. उन्हाळ्यात करू.”

हे ऐकल्यावर मला मिस्त्रीची युक्ती सांगावीच लागली. वाटले, ही सुटकेचा निःश्वास सोडील. तिने हातातला घास खाली ठेवला.

“म्हणजे बिघाड तसाच ठेवायचा आणि दिवा तेवढा मालवायचा?”

“तसंच काही नाही, पण...”

“अहो, कुकरची शिट्टी फार वाजते म्हणून मी तिच्यात बोळा कोंबला, तर चालेल तुम्हाला? आणि तो पोरगा गाडी कशाला घेतोय, ते विसरलात वाटतं. त्याची आई दवाखान्यातून येते, तेव्हा तिला धड मानही धरवत नाही. उद्या त्या गाडीने काही मोठं दुखणं काढलं, तर तो कोणाचे पैसे घालणार? आईच्या औषधाचेच ना?”

मी म्हणालो, “एवढं काही होत नसतं.”

पण होते, वाचकहो! हे मला नंतर कळले. सेन्सरचे नाक नीट चालत नसले, की कॉम्प्युटर भीतीपोटी पेट्रोल जरा जास्तच सोडतो. न जळलेले पेट्रोल धुराबरोबर त्या जाळीदार भांड्यात जाऊन तिथे जळते. असे फार दिवस चालले तर भांडे आतून खराब होते. ते भांडे सेन्सरच्या कित्येक पट महाग, कारण त्यात प्लॅटिनम, पॅलेडियम आणि ऱ्होडियम ह्या मोलाच्या धातूंचा मुलामा असतो. म्हणजे मी आठशे रुपये देऊन माझे दुखणे त्या पोराच्या पदरात बांधणार होतो, आणि तेही वाढवून.

त्या रात्री मला झोप आली नाही. सकाळी उठून मी कारकुनाला फोन केला आणि सांगून टाकले, “गाडीत बिघाड निघाला आहे. काय आहे ते नक्की कळल्यावर सांगतो. तुला नको असेल, तर इसार परत घेऊन जा.” तो म्हणाला, “सर, तुम्ही शोधा. मी थांबतो.” एवढे बोलणे झाले, आणि गेल्या चार दिवसांत प्रथमच मला चहाची चव लागली.

चौथा सल्ला मी विचारला नव्हता. तो आपणहून चालत आला. दूधवाल्याने ही सारी कथा ऐकली आणि म्हणाला, “तो बॅटरीवाला आहे ना हायवेजवळ, त्याला दाखवा. ट्रॅक्टरची सारी वायरिंग तोच बघतो.”

बॅटरीवाला साठीचा गृहस्थ. चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. त्याने इस्टिमेट वाचले, कोडही ऐकला. मग म्हणाला, “तपासायचे दोनशे. काही सापडलं नाही तरी दोनशे.”

माझ्या तोंडातून सवयीने निघून गेले, “नुसतं बघायचे दोनशे?” आणि लगेच जळगावचा माझा विद्यार्थी आठवला. मी गप्प बसलो. दोनशे रुपये आधीच काढून त्याच्या पेटीवर ठेवले.

“सर, हा कोड म्हणजे थर्मामीटर,” तो कामाला लागता लागता बोलू लागला. “ताप आहे, एवढं तो सांगतो. मलेरिया की टायफॉइड, ते आपण बघायचं. हीटरची लाइन म्हणजे फ्यूज आला, तार आली, प्लग आला, सेन्सर आला. ह्यातलं एक गेलंय. सगळं बदलायचं कशाला?”

आधी त्याने फ्यूज पाहिला. शाबूत. मग बॉनेटखाली बॅटरीचा प्रकाश टाकला आणि हसला. कोपऱ्यात कापसाचे गुबगुबीत घरटे होते. कापूस वेचणीचे दिवस. कोण्या उंदराने शेतातला माल आमच्या गाडीत आणून संसार थाटला होता! सेन्सरच्या तारेवरच्या काळ्या नळीवर दातांच्या खुणाही होत्या. मी आनंदाने जवळजवळ उडालोच. “सापडलं! उंदराने तार तोडली!”

“थांबा सर,” तो म्हणाला. “खुणा वरच्या नळीवर आहेत. आतली तार तुटली का, ते मीटर सांगेल.”

त्याने सेन्सरचा प्लग सोडवला, किल्ली फिरवायला लावली आणि गाडीकडून येणाऱ्या तारेला मीटर लावला. बारा व्होल्ट. म्हणजे तार ठणठणीत. उंदीर निर्दोष सुटला आणि इस्टिमेटातला ५,७०० रुपयांचा वायरिंगचा संचही त्याच्याबरोबर सुटला. मग सेन्सरच्या चार तारांपैकी सारख्या रंगाच्या दोन तारांना मीटर लावला. ह्या दोन हीटरच्या. काटा हलेना. म्हणजे मीटर काट्याचा नव्हता, आकड्यांचा होता, पण आकडाही येईना. तार हलवून पाहिली, तरी नाही. हीटर आतून तुटला होता. शेवटी खाली वाकून त्याने मागच्या सेन्सरच्या हीटरलाही मीटर लावला. सहा ओहमच्या आसपास आकडा आला.

“हा जिवंत आहे,” तो म्हणाला. “त्याचा कोडही नाही. पुढचा एकटाच गेलाय.”

अर्ध्या तासात, दोनशे रुपयांत, पाच कलमांच्या यादीतले एक कलम उरले!

आता आणखी एक मोह पुढे उभा राहिला. बाजारात बिननावाचा सेन्सर बाराशे-पंधराशेलाही मिळतो. त्याच्या तारा तोडून आपल्या प्लगला जोडायच्या. बॅटरीवाल्याने हात जोडले. “स्वस्त पाहिजे तर दुसरीकडे जा, सर. तो सहा महिन्यांनी पुन्हा दिवा लावील आणि तुम्ही माझं नाव घ्याल.” त्याने जुन्या सेन्सरच्या अंगावर कोरलेला नंबर एका कागदावर उतरवून दिला. तो कागद घेऊन मी जळगावच्या सुट्या भागांच्या दुकानात गेलो. मूळ गाडीत ज्या कंपनीचा सेन्सर होता, त्याच कंपनीचा, त्याच नंबराचा, तोच प्लग असलेला सेन्सर मला ७,१५० रुपयांना मिळाला. बिलासह. फरक इतकाच, की खोक्यावर मोटार कंपनीचे नाव नव्हते.

बसवणेही पाहण्यासारखे होते. वर्षानुवर्षे धुरात भाजलेला जुना सेन्सर नळीला असा चिकटून बसला होता, की जणू वतनदारच! बॅटरीवाल्याने इंजिन थोडे गरम करून घेतले, गंज सोडवणारे तेल मारले आणि तार आत मावेल अशा कापलेल्या बावीस नंबरी पान्याने सावकाश जोर लावला. नव्याच्या टोकाला त्याने बोट लावू दिले नाही. “तेलाचा हात लागला तर नाक चोंदतं,” म्हणाला. कोड पुसला. गाडी सुरू केली. दिवा गेला. आठवडाभर मी ती मुद्दाम रोज चालवली, पारोळ्यापर्यंत जाऊन आलो. दिवा परत आला नाही आणि गाडी पुन्हा सतराच्या घरात आली. तपासणी आणि बसवणे मिळून त्याने सहाशे रुपये घेतले. एकूण खर्च ७,७५०.

ह्यावरून कोणी असे समजू नये, की वर्कशॉपवाले सगळे चोर आणि रस्त्याकाठचे सगळे साधू. दिवा मालवायची युक्ती मला रस्त्याकाठीच मिळाली होती! आणि वर्कशॉपातल्या पोराने मला खरे तेच सांगितले होते. त्याचा निम्मा दोष आपल्याकडेच येतो. आपण वस्तूचे पैसे देतो, विचाराचे देत नाही. डॉक्टरने गोळी न देता नुसते तपासून “काही झालेले नाही” असे सांगितले, तर फी देताना आपला हात आखडतो. मग तोही दोन गोळ्या लिहून देतो. मोटारीचे तेच झाले आहे.

मात्र उरलेला निम्मा दोष मोठ्यांच्या दारात जातो. सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती बाहेरच्या कारागिरांना मिळू द्यायची नाही, अशी पुष्कळ मोटार कंपन्यांची रीत होती. त्याबद्दल भारतीय स्पर्धा आयोगाने २०१४ च्या ऑगस्टमध्ये चौदा कंपन्यांना मिळून अडीच हजार कोटींहून अधिक दंड ठोठावला. त्यावर पुढे अपिले झाली. पण घेतलेली वस्तू कोठे दुरुस्त करून घ्यायची हे ठरवण्याचा हक्क गिऱ्हाइकाला असावा, ही गोष्ट तेव्हापासून बोलली जाऊ लागली. २०२२ च्या डिसेंबरात केंद्राच्या ग्राहक खात्याने ‘दुरुस्तीचा हक्क’ ह्या नावाने एक संकेतस्थळही उघडले.

ज्या वाचकांच्या गाडीत असा दिवा लागेल, त्यांच्यासाठी मास्तरकीच्या सवयीने चार गोष्टी सांगतो. दिवा स्थिर असेल तर घाबरू नये, पण आठवडाभरात दाखवावा. तो लुकलुकत असेल आणि गाडी गचके देत असेल, तर मात्र बाजूला घेऊन थांबावे, कारण तेव्हा पेट्रोल न जळताच पुढे चालले आहे आणि महागाचे भांडे धोक्यात आहे. कोडचा आकडा लिहून मागावा. तो गाडी कोणत्याही कंपनीची असो, आपला आहे. भाग बदलण्याआधी “हाच गेला हे कशावरून?” एवढा एकच प्रश्न विचारावा, आणि जो तो दाखवून देईल त्याला तपासणीचे पैसे हसतमुखाने द्यावेत. गाडी वॉरंटीत असेल तर अर्थातच आधी कंपनीच्याच दारात जावे. आणि जुना भाग मागून घ्यावा. माझा अजून कपाटात आहे, पेढ्याच्या रिकाम्या डब्यात.

धनत्रयोदशीला कारकून आईला घेऊन आला. मी सारी बिले, तो कोडचा आकडा आणि उंदराची हकीकतसुद्धा त्याला सांगितली. त्याने ठरल्याप्रमाणे पैसे दिले. मी सेन्सरचे पैसे वाढवून मागितले नाहीत. त्यानेही किंमत पाडून मागितली नाही. त्याची आई पुढच्या सीटवर बसली, समोरच्या काचेवर हात फिरवला आणि सौ.ला म्हणाली, “वहिनी, गाडी चांगली सांभाळली तुम्ही.” सौ.ने माझ्याकडे पाहिले. मी चाकाला कुंकू लावण्याच्या निमित्ताने खाली वाकलो. आठशे रुपयांची गोष्ट त्या माउलीला ठाऊक नव्हती. आज ह्या अंकातून कळेल, तर कळो.

आणि डोळा? तुळशीचे लग्न झाले, आणि त्याच आठवड्यात जळगावला शस्त्रक्रिया झाली. कपाटातले तीस हजार जागच्या जागी होते. पट्टी निघाली त्या दिवशी घरी येताच सौ.ने मान वर करून चोहीकडे पाहिले. मला वाटले, आता ती काहीतरी भावपूर्ण बोलणार.

“अहो,” ती म्हणाली, “एवढी जळमटं! दिवाळीला तुम्ही छत झाडलं होतं म्हणालात ना?”

ह्या वर्षी छत मी खरोखरीच झाडले आहे. दोन वेळा. आता आमच्या घरात काही लपून राहायची सोय उरलेली नाही. आपणा सर्वांना ही दिवाळी सुखाची जावो, आणि आपल्याकडे फक्त अंगणातलेच दिवे लागोत!